बाराझाने मारलेला डास

सिउदाद देल कार्मेन, मेक्सिको
मंगळवार, सकाळी

तीर्थरूप ओतिलिया मावशीस,

एलिहियोचा गुडघे टेकून नमस्कार. आशीर्वाद दे. (तू "देव तुझं भलं करो" म्हटल्याशिवाय माझा पेन पुढे सरकत नाही, म्हणून तू ते म्हणालीस असं धरून चालतो.) तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तू नुसतं "पाय गेले" एवढंच लिहिलंस. ते मी इथे वाचून दाखवलं तर आमच्या चेंचोनं टोपी काढून छातीशी धरली आणि कुठल्या दवाखान्यात कापले म्हणून विचारलं. खानावळीचं छप्पर अजून चुलीवरच गळतं का? बोकडाचं मटण पूर्वीसारखंच होतं ना? इथे बोकडाच्या नावाखाली जे वाढतात ते बोकडाच्या नातेवाइकांनाही ओळखू येणार नाही. माझी प्रकृती उत्तम आहे, डावा खांदा सोडून. आणि डावा खांदा सोडला तर जगाला माझ्याकडून दुसरं काही कधी नकोच होतं, हे तुला ठाऊक आहे.

पत्र रामिरोच्या हाती पाठवतो आहे. तो आमच्याच संघातला, आपल्या शेजारच्या असुआचा, पोरगा गुणी आहे. बायको बाळंत झाली म्हणून चार दिवसांच्या रजेवर विमानानं घरी निघालाय. त्याला जेवू घाल, पण भाताची खरवड त्याला देऊ नकोस, ती माझ्यासाठी ठेव. फोन का केला नाही म्हणून चिडू नकोस. फोन म्हणजे फार्मसीत करायचा, फार्मसीवाला तुला हाक मारणार, ती हाक ऐकून अर्धी गल्ली तुझ्याआधी तिथे पोचणार, आणि तो लॉटरीवाला पिमेंतेल तर काय, तिथल्या बाकावर मुक्कामालाच असतो. शिवाय फोनवर तू ओरडतेस. तू ओरडलीस की मी कशालाही हो म्हणतो, आणि हे प्रकरण तसं हो म्हणण्याचं नाही, शांतपणे हो म्हणण्याचं आहे.

तर तुझा निरोप मला पोचला होता. जूनमधल्या सान हुआनच्या सणापर्यंत मी येऊन खानावळ हातात घेतो की नाही ते सांगायचं, नाहीतर तू ती पिमेंतेलला देणार आणि तो तिथे लॉटरीची टपरी काढणार. मावशी, हे वाचल्यापासून माझी झोप उडाली होती. आपल्या गल्लीत लॉटरीच्या टपऱ्या इतक्या झाल्यात की आता लोकांनी नंबर लावायचे तरी कोणत्या भुकेवर? ज्या ओट्याखाली मी लहानपणी तुझ्या चपलांचा आवाज ऐकत झोपलो, त्या ओट्यावर पिमेंतेल काचेची खिडकी बसवणार, हे डोळ्यांसमोर आलं की घास उतरत नसे. (उतरत होता, पण चव लागत नसे.) तरी मी उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, ते सांगायला हे पत्र आहे, आणि थोडं लांबेल. चुलीवर काही असेल तर उतरवून ये.

दर सुट्टीत तू मला एकच विचारतेस, "अरे, तू बसतोस किती आणि काम करतोस किती?" आपल्या अख्ख्या बेटावर बेसबॉल न कळणारी बाई तू एकटी, आणि देवानं मला नेमकं तुझ्याच पदरात टाकलं. तेव्हा खानावळीच्या भाषेत सांगतो. मुख्य आचारी सकाळपासून रांधत असतो. दुपारी कधीतरी त्याचा भात करपतो, गिऱ्हाइकं ताटं वाजवायला लागतात, तेव्हा मागच्या दारानं एका माणसाला आत बोलावतात. तो माणूस मी. ताटं वाजायची थांबली तर आचाऱ्याचं नाव होतं, फुटली तर माझं. बाकीचा वेळ मी मैदानाच्या टोकाला कुंपणामागच्या बाकावर बसतो, तिथे भिंतीला एक फोन असतो, तो वाजला की उठून हात गरम करायचा आणि "राहू दे" असा निरोप आला की परत बसायचं. त्यातून मी डावखुरा. डावखुऱ्या फलंदाजाला डावखुऱ्याचा चेंडू नीट दिसत नाही, म्हणून मला डावखुऱ्यांपुरतं बोलावतात आणि उजव्या हाताचा कोणी आला की लगेच चेंडू काढून घेतात. म्हणजे मी अख्खा आचारीही नव्हे, मी फक्त मासळी खाणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला आचारी.

या एका हुन्नरावर मी किती गावं फिरलो! अमेरिकेतल्या मक्याच्या शेतांत हरवलेली गावं, व्हेनेझुएला, निकाराग्वा, तैवान (तिथे लोक सामना संपेपर्यंत गातात, हरलो तरी गातात, त्यामुळे हरलो हे कळायला वेळ लागतो), इटली (तिथे आमचा मॅनेजर एरवी न्हावी होता आणि चेंडू काढून घ्यायला आला की माझ्या कल्ल्यांकडे बघत बसायचा). अमेरिकेतल्या त्या मोठ्या लीगमध्येही एकदा गेलो होतो, ते तू फार्मसीतल्या टीव्हीवर पाहिलंसच. कित्येक दिवस नुसता हात गरम करून बसलो, आणि शेवटी बोलावलं तेव्हा माझा पहिलाच चेंडू त्या फलंदाजाच्या पाठीत बसला. माणूस फार सभ्य होता, त्यानं मलाच विचारलं की तू ठीक आहेस ना. मग मॅनेजर आला आणि चेंडू घेऊन गेला. मोठ्या लीगमधली माझी कारकीर्द ती एवढी. तू फोनवर म्हणालीस, "केस तरी विंचरायचे होतेस." टोपी होती, मावशी.

आणि काढून टाकणं! त्या शास्त्रात मी आता पंडित आहे. मॅनेजरनं उभ्या उभ्या बोलावलं तर शिव्या बसणार. खुर्ची पुढे केली तर घरी जायचं. खुर्ची आणि कॉफी दोन्ही मिळाली तर घरी जायचं आणि विमानाचं तिकीटही आपणच काढायचं. तैवानात तर दुभाषाच रडायला लागला, त्याला समजावता समजावता मला रडायचं राहूनच गेलं. न्हाव्यानं फुकट दाढी करून दिली. पण गंमत अशी की प्रत्येक वेळी माझे कपडे घडी करून बॅगेत जायच्या आत कुठूनतरी फोन यायचा. "एलिहियो, एक डावखुरा हवाय." जगात डावखुऱ्यांचा इतका तुटवडा आहे हे मला देवानं आधी सांगितलं असतं तर मी उजव्या हातानं जेवायला शिकलो असतो. बोलावलं की जायचं, मला एवढंच येतं. नाही कसं म्हणतात ते मला कोणी शिकवलं नाही, आणि "एलिहियो, आता बास, संपलं" असंही आजवर कोणी सरळ म्हटलं नाही. म्हणून तुला उत्तर देता येईना. अजून फोन येत असताना हो म्हटलं असतं तर तुला फसवल्यासारखं झालं असतं, आणि नाही म्हटलं असतं तर पिमेंतेलची खिडकी बसली असती.

आता रविवारचं ऐक. दुपारी मॅनेजर बाराझानं मला बोलावलं आणि खुर्ची पुढे केली. हा बाराझा सिनालोआचा, पोट एवढं की खिशातलं पाकीट त्याला हातानं चाचपून शोधावं लागतं, आवाज तुझ्यापेक्षा थोडा कमी. मी बसलो. कॉफी आली. मी म्हटलं, "बाराझासाहेब, कॉफी थंड होईल, बोला."

"म्हातारबा," तो म्हणाला, "आजचा सामना झाला की शर्ट जमा कर. खूप केलंस रे. पण आता तुझा चेंडू येईपर्यंत फलंदाज घरी जाऊन जेवून येतो."

मी फक्त एवढंच विचारलं, की आज एखाद्या फलंदाजापुरतं आत सोडाल का. तो वरच्या पंख्याकडे बघायला लागला. म्हणाला, "आज त्यांचे सगळे उजव्या हाताचे आहेत. तुझं काम लागायचं नाही." खरं सांगतो, मावशी, मला फार वाईट वाटलं. काढून टाकल्याचं नव्हे, त्याची मला सवय आहे. पण आयुष्यभर बसून राहिलो, आणि शेवटही बसल्या बसल्याच होणार, हे काही केल्या गिळवेना. डोळे भरून आले म्हणून मी ती कॉफी एका दमात प्यालो आणि तोंड भाजलं, ते एका अर्थी बरंच झालं, कारण डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं.

संध्याकाळी बाकावर जाऊन बसलो आणि आवराआवर केली. माझा ग्लोव्ह चेंचोला देऊन टाकला. (चेंचो म्हणजे आम्ही हात गरम करतो तेव्हा आमचे चेंडू झेलणारा इथला म्हातारा. त्याची बोटं आल्याच्या कुड्यांसारखी झालीत, पण अजून एक चेंडू सोडत नाही.) तो ग्लोव्ह त्यानं शर्टाच्या आत घातला, कोणी परत मागू नये म्हणून. आठव्या डावात मी बूटही काढले, पाय पसरले आणि लिंबू-तिखट लावलेले शेंगदाणे खात बसलो. शेजारी आमचा वास्कार, तरणाबांड, उजव्या हाताचा, चेंडू असा फेकतो की चेंचो झेलताना आईचं नाव घेतो. सामना आमच्याच हातात होता. मग शेवटच्या, नवव्या डावात नेहमीसारखा भात करपला. आम्ही एका धावेनं पुढे, त्यांचे दोघे बाद, तिसरा गेला की सामना संपला, पण एक गडी दुसऱ्या बेसवर, एक तिसऱ्यावर, आणि फलंदाजीला येतोय मोंद्रागोन. हा मोंद्रागोन म्हणजे खानावळीच्या दारातून आडवा होऊन आत येईल असा माणूस, उजव्या हाताचा, आणि डावखुऱ्या पिचरांना, म्हणजे माझ्यासारख्या चेंडू टाकणाऱ्यांना, तर तो न्याहारीला खातो. फोन वाजला, वास्कार उठला, बैलासारखा फुरफुरत हात गरम करायला लागला. बाराझा मैदानात निघाला, थकलेल्या पिचरकडून चेंडू घेऊन वास्कारला बोलवायला.

इथे एक रीत आहे ती तुला सांगायला हवी. मॅनेजर मैदानात गेला की ओरडून नाव घेत नाही, तो हाताला हात लावून दाखवतो. उजवा हात धरला तर उजव्या हाताचा पिचर, डावा धरला तर डावखुरा. पंचानं ती खूण पाहिली की विषय संपला. ज्याला बोलावलं त्यानं यायचं आणि निदान एका फलंदाजाला चेंडू टाकूनच जायचं. बाराझाला मधे काही बदलता येत नाही, त्याला झटका आला तरी नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे इथल्या खाडीवरचे डास. ते चावत नाहीत, ते जेवायला बसतात. बाराझा मधल्या उंचवट्याजवळ पोचला, उजव्या हाताकडे निघालेला त्याचा हात अर्ध्या वाटेत थांबला, आणि त्यानं आपल्या डाव्या दंडावर फाडकन चापट मारली.

आणि पंच उरकीदीनं लगेच डावा हात वर करून आमच्या बाकाकडे बोट दाखवलं.

हा उरकीदी चणीनं लहान पण रुबाबदार माणूस, एरवी गावच्या कचेरीत लग्नं लावतो, त्यामुळे एकदा झालेली गोष्ट परत फिरवायची त्याला सवय नाही. पुढचं संभाषण सगळ्या मैदानानं ऐकलं, आम्हीसुद्धा, इतक्या लांबून.

"डास होता, साहेब! डास मारला मी!"

"डास मला दिसला नाही. हात दिसला."

"हा बघा! हा काय, हा! रक्त बघा!"

उरकीदीनं खिशातून चष्मा काढला (पंचानं चष्मा काढलेला बघून लोकांनी जी हुर्यो उडवली ती तिकडे आपल्या बानीपर्यंत यायला हरकत नव्हती), बाराझाचा तळवा दिव्याकडे वळवून नीट पाहिला आणि म्हणाला, "डास आहे. मेलेलाही आहे. आणि खूणही झालेली आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

"अहो, त्या म्हाताऱ्याला मी दुपारीच काढून टाकलाय!"

"दुपारी मी इथे नव्हतो," उरकीदी म्हणाला.

इकडे वास्कार फाटकापर्यंत पोचलेला, त्याला परत पाठवलं. चेंचो माझ्याकडे वळला. "एलिहियो, तुला बोलावतायत." मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाची चेष्टा करू नये. तो म्हणाला, "तुझ्या मावशीच्या पायांची शपथ." तेव्हा मला पटलं. एक बूट सापडला, दुसरा बाकाखाली गेला होता. तोंडातले शेंगदाणे गिळले, हाताचं तिखट पँटला पुसलं. मग ग्लोव्ह मागितला तर चेंचोचा चेहरा पडला. "दिलेली वस्तू परत मागतोस?" मी म्हटलं, "अरे, एका फलंदाजापुरता!" त्यानं शर्टातून काढून दिला आणि बजावलं, "मळवू नकोस. आता माझा आहे."

मावशी, त्या हिरवळीवरून चालत जाताना सगळं मैदान हसत होतं आणि मी इतका खूश होतो की मला वाटलं ते माझ्या आनंदानंच हसतायत. बाराझानं चेंडू माझ्या हातात ठेवला. "एलिहियो, राजा, बाबा," तो म्हणाला, "पहिला बेस रिकामा आहे. याला काही देऊ नकोस. चार चेंडू लांब बाहेर टाक, त्याला फुकट पहिल्या बेसवर बसव, आणि माझ्या डोळ्यांसमोरून जा. मग मी वास्कारला आणतो." सल्ला अगदी बरोबर होता. कोणीही हेच सांगितलं असतं. तो गेला, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा कॅचर उभा राहिला, हात लांब बाजूला धरला, आणि मोंद्रागोननं बॅट खांद्यावर टाकून जांभई दिली.

आणि मला कळलं की माझे शेवटचे चार चेंडू कोणालाच टाकलेले नसणार. ते हवेत जाणार. मी मान हलवली. कॅचरला वाटलं मलाही डास चावला. मी परत हलवली, तेव्हा तो बिचारा क्रूस काढत खाली बसला. बाकाजवळून बाराझा काय ओरडत होता ते लिहिण्यासारखं नाही. पण मला बाहेर काढणं त्याच्या हातात नव्हतं, उरकीदीच्या कृपेनं. आयुष्यात पहिल्यांदा मी मैदानात होतो आणि कोणी चेंडू काढून घेऊ शकत नव्हतं.

पहिला मी माझा तो हळू चेंडू टाकला, तैवानात शिकलेला. मोंद्रागोनची जांभई संपायच्या आत तो मधून गेला. स्ट्राइक. (असे तीन झाले की फलंदाज बाद.) दुसऱ्यावर तो इतका चिडून फिरला की चेंडू रेषेबाहेर, भिंतीबाहेर, रस्त्याबाहेर, खाडीत गेला. वाचलो ते फक्त रेषेबाहेर गेला म्हणून. तिसऱ्याबद्दल तुला खरं सांगतो, तो मला खाली टाकायचा होता, पण खांद्यात अशी कळ आली की चेंडू सुटला आणि बरोबर मध्यभागी, ताटात वाढल्यासारखा गेला. मोंद्रागोनच्या तोंडाला पाणी सुटलेलं मी पाहिलं. त्यानं एवढ्या हावरेपणानं बॅट फिरवली की चेंडूच्या खालूनच गेली, आणि चेंडू सरळ वर गेला. फार वर. इतका वर की तो खाली येईपर्यंत मला खानावळ, तू, पिमेंतेल, खिडकी सगळं आठवून झालं. चौघे झेलायला धावत आले, मी सगळ्यांना ओरडलो, "माझा आहे! सरका!" आणि तो चेंचोच्या ग्लोव्हला लागून माझ्या छातीवर आपटला आणि मी दोन्ही हातांनी त्याला मिठीत धरून खाली बसलो. संपलं. जिंकलो. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी तिथेच बसून हसत होतो आणि रडतही होतो, आणि ज्याला उठायचं असेल त्यानं उठावं असं वाटत होतं. बाराझा धावत आला. त्याला माझा गळा दाबायचा होता की गळ्यात पडायचं होतं हे ठरेना, म्हणून त्यानं दोन्ही केलं. लोक "डास! डास!" म्हणून ओरडत होते. तेव्हापासून गावात माझं नाव तेच.

आता खरी गोम. सामन्यानंतर बाराझानं परत बोलावलं, आणि यावेळी खुर्ची पुढे केली नाही. क्लबच्या मालकांना लोकांचा हा दंगा फार आवडला होता. चौकातल्या डासांची अगरबत्ती विकणाऱ्या दुकानदारानं तर कुंपणावर माझं चित्र रंगवायची तयारी दाखवली. "तेव्हा दुपारचं विसर," बाराझा म्हणाला. "हंगाम संपेपर्यंत राहा. पुढच्या वर्षीचंही बघू." बघ मावशी, हेच दरवेळी होतं! बॅग भरली की फोन वाजतो. पण यावेळी मी शर्ट काढला, घडी केला, त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "बाराझासाहेब, दुपारी तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. माझं झालं. मी घरी चाललो, माझी मावशी वाट बघतेय." तो खाली बसला. एवढ्या वर्षांत त्याला शर्ट असा स्वतःहून कोणी दिला नव्हता. मी बाहेर आलो तो पिसासारखा हलका होऊन. खोलीवर येऊन पडलो, बाहेर घरमालकिणीचा रेडिओ चालू होता, आणि फोन वाजेल म्हणून माझे कान उभे नव्हते. असा झोपलो की सकाळी त्या बाईनं मेलो की काय म्हणून दार ठोठावलं.

तर सान हुआनच्या सणाच्या आत हे तुझं उत्तर: हो. खानावळ मी घेतो. शुक्रवारच्या विमानानं येतो. पिमेंतेलला सांग की खिडकीचं माप घ्यायला येऊ नकोस, आणि आलाच असेल तर त्याला जेवायला वाढ आणि हिशेबात धर. तुझे पाय आता बाकावर ठेव. बसून राहायचं कसं असतं ते मी तुला शिकवीन, त्यातलं माझं ज्ञान पक्कं आहे. आशीर्वाद असू दे.

तुझा,
एलिहियो

ता. क. — भिंतीवरचे पातेल्यांचे खिळे खाली घ्यायला सुताराला सांग, निदान छातीच्या उंचीवर. रविवारपासून डावा हात खांद्याच्या वर जात नाही. डॉक्टर म्हणतो, आता जाणारही नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, मला उलट सुटल्यासारखं झालंय. कांदा कापायला हात वर न्यावा लागत नाही.

आणखी एक — गल्लीत मला काढून टाकलं असं सांगू नकोस. मी सोडलं असं सांग. ते खरंही आहे. बरंचसं.

शेवटचं, आणि हे फार्मसीत मोठ्यानं वाचू नकोस — शर्ट मी टेबलावर ठेवला हे अगदी खरं आहे. घरी चाललो म्हणालो तेही खरं. पण मग बाराझानं विचारलं, "नक्की ना, एलिहियो? माझ्याकडे दुसरा डावखुरा नाही रे," आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशीला विचारून सांगतो." तेव्हा शर्ट सध्या माझ्या बॅगेत आहे. खांद्याचं मी त्याला सांगितलेलं नाही. शनिवारी सकाळी तो फार्मसीत फोन करणार आहे, तुझ्याशी बोलायला. मावशी, तू जा. पाय दुखत असतील तर मी पाठीवर घेऊन जाईन. तो गोड बोलेल, रडेल, लोक माझी वाट बघतायत म्हणेल, आणि ते कदाचित खरंही असेल. तू फक्त रिसीव्हर घट्ट धर, माझ्या हातात देऊ नकोस, आणि नाही म्हण. मी शेजारी उभा राहून मान हलवीन, म्हणजे दोघांनी मिळून म्हटल्यासारखं होईल.